उतरलेले सेल

भुसावळात आम्ही उतरलेले सेल उन्हात ठेवायचो. अंगणातल्या बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या असत. त्यांच्या कडेला चार मोठे सेल ओळीने मांडायचे आणि दोन्हींवर लक्ष ठेवायचं. कुरडयांना कावळ्यांची भीती, सेलांना शेजारच्या पोरांची. दोन तासांनी ते सेल टू-इन-वनमध्ये परत घातले की तो आणखी अर्धा तास चाले. यामागे काही शास्त्र आहे का, हे मी आजतागायत तपासलेलं नाही. ऊन मात्र आमच्याकडे रग्गड. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी पेपरात बातमी येण्यापलीकडे कोणी ते मनावर घेत नसे. कमी असायची ती वीज. गावाबाहेर आलं की दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत, आणि इकडे भर दुपारी तीन वाजता क्वार्टरमधला पंखा बंद. दिव्याखाली अंधार ही म्हण आम्हाला शाळेत शिकवायची गरजच नव्हती.

हे सांगायचं कारण, ग्रंज नावाचं, अमेरिकेतल्या सिएटलकडचं रॉक संगीत मी पहिल्यांदा या उतरलेल्या सेलांवर ऐकलं, आणि म्हणून ते चुकीचं ऐकलं.

साल २०००. आमच्याच लाइनीतला एक मुलगा मुंबईला शिकायला होता. सुट्टीत येताना त्याने नव्वद मिनिटांची एक कॅसेट आणली. कुणीतरी भरून दिलेली, तीही दुसऱ्या भरलेल्या कॅसेटवरून. निर्वाणा या बँडचे दोन अल्बम, ए बाजूला 'नेव्हरमाइंड', बी बाजूला 'इन युटेरो'. आतल्या कागदावर बॉलपेनने देवनागरीत 'निर्वाणा' एवढंच लिहिलेलं. आईने ते 'निर्वाण' असं वाचलं आणि घर आवरताना कॅसेट भजनांच्या खणात ठेवून दिली. दोन दिवस मी ती शोधत होतो, सापडली ती हरिपाठाच्या शेजारी.

पहिलं गाणं लागलं तेव्हा आई भाकरी थापत होती. मिनिटभर तिने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "काहून कोकलून रायला रे तो? पोट दुखते का त्याचं?"

पुढे खूप वर्षांनी मी वाचलं की निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याला खरोखरच पोटाचं दुखणं होतं. वर्षानुवर्षं डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, पण नीट निदान झालं नाही. त्या आवाजात जगभरच्या समीक्षकांनी एका अख्ख्या पिढीची वेदना शोधली, त्यावर जाडजूड पुस्तकं लिहिली. आमच्या क्वार्टरमध्ये भाकरी थापणाऱ्या बाईने मिनिटभरात नेमकं पोटावर बोट ठेवलं होतं.

वीज गेली की टू-इन-वन सेलांवर. सेल उतरायला लागले की मोटर मंदावते. टेप सहा टक्के हळू फिरली तर अख्खं गाणं अर्धा सूर खाली येतं, हे गणित मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त ऐकू येत होतं की दुपार कलताना गाणं जड होत जातं, ढोल ओल्या कापडात गुंडाळल्यासारखा वाजतो, गायक दमतो. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत बैलगाडीचं चाक चालतं ना, तसं. मला वाटलं, हे संगीत असंच आहे. ते असंच असायला पाहिजे, असंही वाटलं. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या गिटारवर मी त्याच उतरलेल्या सुरात गाणी बसवली. वीज आली की गिटार आणि कॅसेट जुळेनात. मग मी गिटारला दोष द्यायचो.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. हा गाणारा माणूस हयात नाही. दिवाळीत तो मुंबईचा मुलगा परत आला तेव्हा म्हणाला, "अरे, तो तर चौऱ्याण्णवलाच गेला." ५ एप्रिल १९९४. म्हणजे मी ज्याच्या नव्या कॅसेटची वाट बघत होतो, तो जाऊन सहा वर्षं झाली होती. सुतक फिटल्यावर पत्र यावं तसं झालं. नातेवाईक जवळचा, पण आता रडावं तर कोणासमोर?

सेलांचा घोटाळा लक्षात आला तो पुढे पुण्यात शिकायला गेल्यावर. होस्टेलमधल्या एकाकडे सीडी होती. त्याने चांगल्या स्पीकरवर लावली आणि मला ते गाणं ओळखीचंच वाटेना. चटपटीत, चकचकीत, अंगावर नवा रंग दिल्यासारखं. मी म्हणालो, "हे फास्ट लावलंय." तो माझ्याकडे बघतच राहिला. पण गंमत अशी की 'नेव्हरमाइंड' फार गुळगुळीत झाला असं खुद्द कोबेनलाही नंतर वाटायला लागलं होतं. म्हणून पुढच्या अल्बमसाठी ते स्टीव्ह अल्बिनीकडे गेले. अल्बिनी म्हणजे खोलीत जसं वाजतं तसं टेपवर उतरवणारा माणूस. विक्रीतला वाटा घ्यायचा नाही, कामाचे पैसे घ्यायचे आणि मोकळं व्हायचं, असा त्याचा खाक्या. फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटातल्या एका स्टुडिओत दोनेक आठवड्यांत त्याने 'इन युटेरो' आटोपला.

आणि सूर उतरवणं म्हणाल तर ते त्यांचं त्यांनीच करून ठेवलेलं होतं. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कला एमटीव्हीसाठी त्यांनी बिनविजेच्या गिटारींवर जी मैफल केली, ती अख्खी अर्धा सूर खाली आहे. बरोबर माझ्या सेलांएवढी. 'नेव्हरमाइंड'चं शेवटचं गाणं तर कोबेनने स्टुडिओच्या कंट्रोल रूममधल्या सोफ्यावर आडवं पडून वाजवलं. पाचच तारा असलेली जुनी स्वस्तातली गिटार, तारा कधी बदललेल्या नाहीत, सूर भलताच खाली गेलेला. बाकीच्यांना मग त्या गिटारशी जुळवून घ्यावं लागलं.

सैल तारांची कुळकथा मात्र ग्रंजच्याही आधीची आहे. ती मी एकदा सुट्टीत जेवताना आबांना सांगितली. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, पुढे ब्लॅक सॅबथचा गिटारवाला. १९६५ मध्ये, सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, आणि दाबताना दुखू नये म्हणून पुढे तारा सैल केल्या. तारा सैल झाल्या तसा सूर खाली गेला, आणि त्या खालच्या सुरातून हेवी मेटलचा तो काळाकुट्ट आवाज घडला.

आबा लोको शेडमध्ये फिटर होते. संगीताशी त्यांचा संबंध आकाशवाणी जळगावपुरता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मशीन कोणती?"

"प्रेस."

"रोजची होती का त्याची?"

मी वाचलं होतं ते सांगितलं. प्रेसवरचा नेहमीचा माणूस आला नव्हता म्हणून याला बसवलं होतं, आणि तो त्याचा कामावरचा शेवटचा दिवस होता.

"बदलीवर होता तर," आबा म्हणाले. "बदलीवरच हात जातो." आणि त्यांनी आईकडे वरण मागितलं.

ग्रंजवर मी आजवर जेवढं वाचलं, त्यात आबांच्या या वाक्याइतकं आतलं काही मला सापडलं नाही. सिएटलचं नाव झालं खरं, पण यातली बरीच मुलं होती आसपासच्या गावांतली. कोबेन अ‍ॅबरडीनचा. लाकूडतोडीवर जगणारं गाव, आणि ऐंशीच्या दशकात तो धंदाच बसत चाललेला. त्याच भागातला मेल्विन्स हा बँड पंक, म्हणजे वेगवान रागीट रॉक, वाजवत होता, तो एकदम संथ वाजवायला लागला. पंकचा राग आणि सॅबथची मंद चाल एकत्र आली. चौकड्यांचे शर्ट घातले ते फॅशन म्हणून नव्हे, लाकूडतोड्यांच्या मुलखात तेच स्वस्त आणि उबदार होते. पुढे १९९२ च्या शेवटी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या फॅशन शोमध्ये तेच शर्ट रेशमात शिवून आले. तसे शर्ट आबांकडे चार होते. ग्रीसच्या डागांसकट.

आमच्या पहिल्या 'डिस्टॉर्शन'ची, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाची, गोष्ट सांगायची राहिली. २००१ चा गणपती. मी जळगावहून एक जुनी गिव्हसन गिटार घेतली होती. हेडफोनचा एक कानातला स्पीकर काढून तो चिकटपट्टीने गिटारीच्या पोटावर चिकटवला, म्हणजे त्याचा माइक होतो, हे ज्ञान मला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळालं होतं. दुपारी मंडपात कोणी नाही असं बघून ती वायर मंडळाच्या आहुजा अॅम्प्लिफायरमध्ये खुपसली आणि व्हॉल्यूम पूर्ण सोडला. समोर खांबाला बांधलेला भोंगा. मी एकच तार छेडली. जो आवाज निघाला तो गिटारचा नव्हताच. पत्रा फाटतोय, आणि फाटता फाटता गातोय, असं काहीतरी. साउंडवाला चहा टाकून धावत आला, "ए, बंद कर! युनिट उडेल!"

युनिट उडालं नाही, पण ती दहा सेकंदं माझ्या कानातून अजून गेलेली नाहीत. पुढे कळलं की सिएटलच्या मडहनी बँडने १९८८ च्या आपल्या रेकॉर्डला नावच गिटारचा आवाज फाडणाऱ्या दोन फझ पेडलांचं दिलं होतं, सुपर-फझ आणि बिग मफ. त्यांच्याकडे पेडल होते, आमच्याकडे मंडळाचा आहुजा. उद्देश एकच. आवाज यंत्राला झेपणार नाही इतका मोठा करायचा आणि तो कुठे फुटतो ते ऐकायचं. तसं बघितलं तर खान्देशी कानाला हे मुळीच परकं नाही. लगीनसराईत बँडच्या गाडीवर चारी बाजूंनी भोंगे बांधलेले, कीबोर्डवर पावरीची धून, आणि आवाज इतका चढवलेला की सुरापेक्षा सुराचा भुगाच जास्त ऐकू येतो. त्यावर नाचत आम्ही मोठे झालो. कोणी त्याला ग्रंज म्हटलं नाही एवढंच.

नोकरी लागली, लग्न झालं, मी जळगावात ठिबकच्या पाइपांच्या धंद्यात शिरलो. मधल्या काळात ग्रंजच्या नावावर रेडिओवर जे आलं त्याबद्दल थोडक्यात उरकतो. भसाडा गळा, भरपूर दुःख, पण कुठेही धूळ नाही. निकेलबॅक आणि क्रीड यांनी लाखोंनी अल्बम विकले आणि मी हा रस्ताच सोडला. बाजारात निर्वाणाच्या स्मायलीचे काळे टी-शर्ट दिसायला लागले. रावेरला एका केळीच्या वखारीवर एका पोराच्या अंगात तसाच होता, वर निर्वाणाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं. मी त्याला विचारलं, हे काय आहे माहीत आहे का? तो म्हणाला, "कंपनी आहे ना?" मी दिवसभर चिडलेला होतो. का, ते विचारू नका. आपली मालमत्ता कुणी वापरतंय अशा थाटात.

तर २०२३. बहिणीची मुलगी जळगावला इंजिनिअरिंगला, आमच्याकडेच राहायला. एका रात्री तिच्या खोलीतून गिटारचा आवाज आला आणि मी दारात थबकलो. जाड, सैल, चिखलात चाक फिरावं तसा. हा सूर मी ओळखतो! मला वाटलं, चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा कुठला तरी बँड माझ्याकडून राहून गेला.

"मामा, ही दोन हजार तेराची आहे," ती म्हणाली. "आणि मला रीलवर मिळाली."

सुपरहेवन नावाचा पेनसिल्व्हेनियाचा बँड. 'जार' हा त्यांचा अल्बम २०१३ चा, तेव्हा बँडचं नावही वेगळं होतं, डेलाइट. थोडंफार नाव झालं, मग काम जवळजवळ थांबलं. आणि दहा वर्षांनी त्यातलं एक गाणं कुठल्याशा पोरांनी आपल्या व्हिडिओंमागे लावलं आणि ते जगभर पसरलं. भारतात टिकटॉक २०२० पासून बंद, म्हणून ते आमच्या घरात इन्स्टाग्रामच्या मागल्या दाराने आलं. त्या लाटेवर बँड परत उभा राहिला, २०२५ मध्ये त्यांचा नवा अल्बमही आला.

मग तिने मला यादीच ऐकवली. टेक्सासचा नॅरो हेड. मॅसॅच्युसेट्सचा फ्लेशवॉटर. नॅशव्हिलची बुली, म्हणजे अलिशिया बोग्नानो. या बाईने शिकागोला अल्बिनीच्याच स्टुडिओत उमेदवारी केली, स्वतःचा पहिला अल्बम तिथे स्वतःच रेकॉर्ड केला, आणि पुढे निर्वाणाची पहिली रेकॉर्ड काढणाऱ्या सब पॉप कंपनीतच दाखल झाली. पोरगी बोलत होती आणि मी, दोन हजार साली उरलेसुरले तुकडे वेचलेला माणूस, मनातल्या मनात परीक्षक होऊन गुण देत होतो.

गुण सगळ्यांना सारखे दिले नाहीत, तेही सांगतो. यातल्या बऱ्याच जणांचं मला पटत नाही. व्हिडिओ मुद्दाम जुन्या कॅमेऱ्यासारखा थरथरता, रंग विटलेले, कडेला तारीख १९९३ ची. अरे, ज्याच्या घरी खरोखर खराब कॅसेट होती, तो ती चांगली व्हावी म्हणून पेन्सिल घालून फिरवत होता! आणि दुसरी तक्रार म्हणजे गळा. लेन स्टेली, ख्रिस कॉर्नेल, कोबेन, या जुन्या ग्रंज गायकांत हळू गाणं हे ओरडण्याच्या आधीचं दबा धरून बसणं होतं. नव्यांचा गळा सतत झोपेतून उठल्यासारखा, गिटारींच्या गोधडीखाली तोंड घालून. हळू-मोठं, हळू-मोठं असा जो झोका होता, जो स्वतः कोबेनने पिक्सीज या बँडकडून उचलला होता, तो जाऊन सगळं एकसारखं जाड. मी हे भाचीला ऐकवलं.

"मामा, मी रात्री अकराला मोबाइलवर रेकॉर्ड करते," ती म्हणाली. "पलीकडे तुम्ही झोपलेले. ओरडू कुठे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भिंत आमची खरंच चार इंची आहे.

मी हरलेला वाद पुढे नेला. म्हटलं, हे संगीत मुळात पावसाचं. सिएटलला वर्षातले कितीतरी महिने आभाळ उतरलेलं असतं, पोरं तळघरात बसून वाजवतात, त्यातून हे आलं. टेक्सासमध्ये कसलं ग्रंज? ती हसली. "ह्यूस्टनला आपल्यासारखंच ऊन असतं, वर घामसुद्धा. आणि तो व्हायोलंट सोहो बँड ब्रिस्बेनचा. ऑस्ट्रेलियात. तिथे ख्रिसमसला उन्हाळा असतो मामा." थोडं थांबून म्हणाली, "आणि तुम्ही कुठे ऐकलं?"

मी कुठे ऐकलं? पंचेचाळीस डिग्रीत, बाजेवर, कुरडयांच्या शेजारी.

तेव्हा कुठे मला उमगलं की मी ज्या रांगेत पुढे उभा असल्याच्या थाटात बोलत होतो, त्या रांगेत मीही शेवटूनच आलो होतो. माझी कॅसेट ही कॅसेटची कॅसेट. गायक आधीच गेलेला. सूर चुकीचा. ती मुलं दहा वर्षं जुनं गाणं रीलवरून उचलतात, मी नऊ वर्षं जुनं गाणं भजनांच्या खणातून उचललं होतं. खान्देशात सगळंच उशिरा येतं, पावसापासून पॅसेंजरपर्यंत. आणि उशिरा आलेलं आपण कमी मनापासून घेतो असं काही नाही, कदाचित जास्तच. नॅरो हेड किंवा फ्लेशवॉटरची मुलंही अशीच आलेली, हार्डकोअर पंकच्या दणदणाटात वाढलेली आणि मग संथ झालेली. मेल्विन्सच्या पोरांनी चाळीस वर्षांपूर्वी अगदी हेच केलं होतं. कोणी कोणाची नक्कल केली, हे ठरवायला बसलं तर आयोमीच्या प्रेसपर्यंत जावं लागेल.

आता भाचीचाही बँड आहे. तिघांचा, अजून नाव नाही. गिटार आणि गाणं तिच्याकडे. बासवर यावलकडचा एक अबोल मुलगा. ड्रमवर जो आहे त्याच्या वडिलांची लग्नाची बँड पार्टी आहे. हे पोरगं दहा वर्षांचं असल्यापासून वरातीत ताशा वाजवतंय. त्याला कोणी निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल ऐकवायची गरज पडली नाही. हात असा पडतो की शेजारच्या शेडवरचे पत्रे बोलतात. अडचण एकच, एप्रिल-मे मध्ये तो मिळत नाही. बँडची तालीम पंचांग बघून ठरते. तिथी नसेल त्या दिवशी ग्रंज.

तालीम चालते बासवाल्याच्या वडिलांच्या केळी पिकवायच्या चेंबरमध्ये. आपल्याकडची बहुतेक केळी हिरवीच गाडीत भरून उत्तरेला जाते, त्यामुळे चेंबर मधले काही दिवस रिकामं असतं. जाड पफ पॅनलच्या भिंती, वर जड सरकतं दार. गार हवा आत ठेवायला केलेली खोली आवाजही बऱ्यापैकी आत ठेवते. पत्र्यामुळे घुमतं म्हणून त्यांनी कोपऱ्यांत बारदान टांगलंय आणि क्रेटांमागे फोमच्या शीट लावल्यात, फण्यांच्या मधे घालतात त्या. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा पिकल्या केळ्यांचा गोड, जरा घशाशी येणारा वास होता. त्यात तिने गिटारची जाड तार एक सूर सैल केली. असं केलं की एकाच बोटाने तीन तारा दाबून जाड सूर काढता येतो, साउंडगार्डन या ग्रंज बँडने यावर कितीतरी गाणी उभी केली. ड्रमरने चार ठोके मोजले. माझ्या छातीच्या पिंजऱ्यात मंडळाचा आहुजा परत सुरू झाला.

दाराशी बासवाल्याचे वडील उभे होते. मी त्यांना, बोलायचं म्हणून, सांगायला लागलो की हे तीस वर्षांपूर्वीचं संगीत आहे, पोरं आता परत वाजवतायत. त्यांनी बागाईतदाराच्या हिशेबाने ऐकलं.

"म्हणजे पिलबाग," ते म्हणाले.

ज्यांनी केळीची बाग पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. केळीचं झाड एकदाच निसवतं, एकच घड देतं, मग ते कापायचं. पण त्याच कंदाला बाजूने पिलं फुटलेली असतात. त्यातलं एक जोमाचं पील राखलं की त्याची दुसरी बाग होते, ती पिलबाग. लागवडीचा खर्च नाही, आणि माल लवकर येतो.

"घड पहिल्यासारखा भरतो का?" मी विचारलं.

"राखलं तर भरते. नाही राखलं तर नुसता पाला." मग आत बघून म्हणाले, "हे मात्र फार आवाज करते बुवा," आणि दार ओढून घेतलं.

गेल्या महिन्यात भाचीला माझी कॅसेट हवी झाली. मी भुसावळला गेलो, आईने ती अजून भजनांच्याच खणात ठेवलेली होती. टू-इन-वनचा बेल्ट विरघळून काळा डांबर झालेला. बाजारात एक म्हातारा मेकॅनिक अजून बसतो, त्याने डब्यातून मापाचा बेल्ट काढून घातला. भाची रविवारी आली, ओसरीवर बसून प्लग लावला आणि ऐकलं. मग तिचा चेहरा पडला.

"हे तर नॉर्मल आहे. तुम्ही म्हणता तसं नाही वाजत."

"विजेवर नाही वाजणार," मी म्हटलं.

तिने घरभर सेल शोधले. जुन्या विजेऱ्यांतले, माळ्यावरच्या डब्यातले. बरेच गळून पांढरे झालेले. चार बरे निघाले, त्यातही जीव असा नव्हताच. ते घातले आणि प्ले दाबलं. चाकं जरा थबकली, मग फिरायला लागली, आणि ते आलं. जड, काळ्या मातीतलं, पहिल्या ओळीपासून दमलेलं.

आतून आईचा आवाज आला, "अजून दुखतेच का त्याचं पोट?"

भाची ऐकत नव्हती. तिने गिटार मांडीवर घेतली, मोबाइलवरचा ट्यूनर बंद करून बाजूला ठेवला आणि कान टेपला लावून एकेक खुंटी सैल करत गेली. सहाही तारा लागल्या, तिने पहिला सूर छेडला, जुळला. दुसऱ्यांदा छेडला तर जरासा वर.

"थांब, हे खाली जातंय," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या खुंटीला हात घातला.